अठरावर ठेवा

माझ्या पीएच.डी.ला त्या बुधवारी पाच वर्षं, अकरा महिने आणि पंचवीस दिवस झाले होते. सोमवारी सहा वर्षं भरली की नोंदणी रद्द, असं विद्यापीठाचं पत्र आलं होतं. ते पत्र राठोड सरांनी स्वतःच्या हाताने प्रयोगशाळेच्या फ्रिजवर चिकटवलं, म्हणजे जिवाणू काढायला गेले की आधी ते मला दिसणार. उत्तमसिंग राठोड सर माझे गाईड. माणूस चांगला, पण विद्यार्थ्याची उमेद वाढवायची त्यांची पद्धत अशी.

गुरुवारी समिती येणार होती. तिच्यासमोर मी प्रथिन दाखवायचं. दाखवलं तर प्रबंध लिहायला परवानगी, नाहीतर सपना खिल्लारे, शिक्षण भरपूर, पदवी शून्य. आईने तर पोरगी काय करते हे शेजारणींना सांगायचंच सोडून दिलं होतं. कोणी विचारलं की "कॉलेजात असते" एवढंच म्हणायची, आणि लगेच त्यांच्या सुनेची चौकशी करायची.

काम सांगायला सोपं आहे. हळदीला कंदकूज होते ती बुरशीमुळे. त्या बुरशीचं कवच कातरणारं एक प्रथिन मातीतला एक जिवाणू तयार करतो, पण इतकं कमी की त्यात एक वाफाही भागणार नाही. म्हणून त्याच्यातला तेवढा जनुक काढायचा आणि भराभर वाढणाऱ्या दुसऱ्या जिवाणूत घालायचा. मग या दुसऱ्याला सदतीस अंशांवर खाऊपिऊ घालायचं, फ्लास्क सारखा हलवत ठेवायचा म्हणजे हवा मिळते, आणि गर्दी पुरेशी झाली की एका रसायनाचे थोडे थेंब टाकून सांगायचं, बाबांनो, आता कामाला लागा. या सांगण्याला आम्ही इंडक्शन म्हणतो.

कामाला ते लागतात, तीच तर अडचण आहे. सदतीस अंशांच्या उबेत इतक्या घाईने प्रथिन बनवतात की त्याच्या घड्या नीट पडतच नाहीत. घाईत भिजवलेल्या पिठात राहतात तशा गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. प्रथिन तळाच्या चोथ्यात सापडलं तर नापास, वरच्या स्वच्छ पाण्यात सापडलं तर पास. उपाय साऱ्या जगाला माहीत आहे. इंडक्शन झालं की तापमान अठरा अंशांवर आणायचं. गारव्यात जिवाणू सुस्तावतात, काम हळू करतात आणि त्यामुळे बरं करतात.

फ्लास्क हलवत थंडही ठेवणारं यंत्र, म्हणजे शेकर, आमच्या हिंगोलीच्या कॉलेजात आहे. सरांनी तो चार वर्षं अर्ज करकरून मिळवला. पण शेकर लाईटवर चालतो आणि लाईट आमच्याकडे स्वतःच्या मर्जीवर चालते. एकदा गेली की उन्हाळ्यात खोली दुपारपर्यंत चाळिशी गाठते, शेकर थांबतो, आणि माझ्या जिवाणूंना घाम फुटून ते पुन्हा घाईला लागतात. असे सत्तेचाळीस घाणे मी काढले होते. सत्तेचाळीस वेळा चोथा.

अठ्ठेचाळिसावा घाणा बुधवारी पहाटे लावला. नऊ वाजता तो इंडक्शनला अगदी तयार होता आणि मी बाह्या सरसावून उभी होते, तेवढ्यात सर आत आले.

"सपना, समितीच्या अध्यक्ष एक दिवस आधीच आल्यात. नरसीला दर्शनाला जायचं म्हणतात, मग सेनगावला आमच्या घरी जेवण. तू सोबत जा. छाप पडेल."

"सर, माझं इंडक्शन आहे."

सरांनी फ्रिजकडे बोट दाखवलं.

मग राहिले ग्यानोबा मामा. मामा आमचे प्रयोगशाळा परिचर, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. पहिल्याच दिवशी मी त्यांना "इंडक्शन करायचंय" म्हटलं तेव्हा ते स्टाफरूममधून चहाची इंडक्शन शेगडी घेऊन आले होते. पण त्यानंतर त्यांची कधी चूक झाली नाही. सांगितलेली गोष्ट मामा अक्षरशः करतात, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मी दोन्ही फ्लास्क त्यांना दाखवले, तोंडावरचे कापसाचे बोळे काढले की लगेच परत लावायचे हे बजावलं आणि म्हणाले, "साडेनऊला निळ्या टोपणाच्या नळीतलं निम्मं निम्मं दोन्हीत घाला. आणि झाल्याबरोबर अठरावर ठेवा."

"निळी नळी, साडेनऊ, लगेच अठरावर. बराबर?"

"बराबर," मी म्हणाले. हा शब्द उच्चारायला मी पुढे पुष्कळ दिवस घाबरत होते.

अध्यक्ष डॉ. चांगुणा मॅडमबद्दल मी जे ऐकलं होतं ते सगळं वाईट होतं. एका वर्षात तीन नोंदण्या रद्द केल्या, एकाला तर "तुम्ही शेती करा, तिथे तरी निसर्ग सांभाळून घेईल" असं म्हणाल्या. प्रत्यक्षात त्या बारीक चणीच्या, सुती साडीखाली खेळाचे बूट घातलेल्या आणि प्रश्न विचारल्याशिवाय श्वास न घेणाऱ्या निघाल्या. नरसीला पोचेपर्यंत त्यांनी मला हळदीच्या जाती, कायाधू नदीचं पाणी आणि माझ्या लग्नाचा बेत या तिन्हींवर तपासलं. पहिल्या दोनमध्ये मी बरी होते.

दर्शन झालं. सरांची गाडी आम्हाला सोडून दुसऱ्या सदस्यांना आणायला स्टेशनवर गेली होती, म्हणून आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेत बसलो. मी जरा बाजूला होऊन मामांना फोन लावला.

"मामा, इंडक्शन झालं?"

"व्हय ताई. साडेनवाला. निम्मं निम्मं."

"आणि अठरावर ठेवलं?"

"ठिवलं की. तवाच."

"लाईट आहे ना?"

"न्हाई. तुमी गेल्या अन् ती बी गेली. पाच वाजता येनार म्हनून राहिले."

"अहो, मग अठरावर राहील कसं ते? आता कितीवर आलंय?"

"आता? आता नरशीपतूर आली आसंल."

"कोण?"

"अठरा."

मला सगळं एकदम समजलं. राठोड सर राहतात सेनगावला. काकूंच्या हातचा गरम डबा त्यांना रोज काळीपिवळी जीपने येतो आणि रिकामा डबा त्याच जीपने परत जातो. त्या जीपच्या नंबराच्या पाटीवर शेवटी अठरा आहे, तिला साऱ्या स्टँडवर अठरा म्हणतात, आणि रोज दुपारी सर केबिनमधून ओरडतात, "मामा, अठरावर ठेवा!" नऊ वर्षं मामा अठरावर ठेवत होते. आज मी सांगितलं तेव्हाही त्यांनी ठेवलं. माझी सहा वर्षं त्यांनी सरांच्या डब्यासारखी सेनगावला पाठवून दिली होती.

"मामा!" मी ओरडले.

"काहून ओरडता ताई? भावसिंगला सांगितलंय, काच हाय म्हनून. त्यानं बराबर ठिवलंय."

अठरा नंबर समोरून येतच होती. तेरा माणसं आत, दोन मागे लटकलेली, आणि पुढे बंपरवर लोखंडी पिंजरा. नरसीच्या दुकानांसाठी हिंगोलीहून हारांची फुलं येतात ती या पिंजऱ्यात. फुलं वाळू नयेत म्हणून ड्रायव्हर भावसिंग त्यावर गोणपाट बांधतो आणि टपावर एक भोक पाडलेला पाण्याचा डबा ठेवतो, त्यातून नळीने गोणपाटावर थेंब थेंब पाणी पडत राहतं. जीप थांबली, फुलवाल्याने गोणपाट उघडलं, आणि झेंडूच्या राशीतून त्याने एक काचेचा फ्लास्क बाहेर काढून उन्हात धरला.

"भावसिंग, हे गढूळ पानी कशाचं रे?"

मी एवढ्या जोरात धावले की माझी एक चप्पल टपरीपाशीच राहिली. त्याच्या हातातून फ्लास्क घेतला आणि परत झेंडूत ठेवला. आत दुसराही होता. दोघांचे बोळे जागेवर होते.

"मानसात ठिवलं तर कोनीतरी बसतंय त्यावर," भावसिंग खाली उतरून म्हणाला. "म्हनून फुलात ठिवलं. मऊ राहतंय. सरांच्या घरी द्यायचं ना?"

त्याला चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं आणि बंद केलं. कारण माझा हात गोणपाटावर होता आणि हात गार पडला होता. बाहेर बेचाळीस अंश, माझ्या मानेवरून घामाच्या धारा, आणि बोटांना मात्र माठाला लावल्यासारखं वाटत होतं. वारा लागून ओलं कापड गार होतं हे मी सातवीत शिकले होते, सहा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आणि हलवण्याचं म्हणाल तर सेनगावचा रस्ता रुंदीकरणासाठी तीन वर्षं उकरून ठेवला होता. त्यावरून फ्लास्क चालवायला मोटर लागत नाही.

प्रयोगशाळेत लाईट नव्हती. तिथे नेलं असतं तर अठ्ठेचाळिसावा चोथा ठरलेलाच होता. मी फार विचार केला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

"भावसिंगदादा, आज किती फेऱ्या?"

"तीन."

"पाच वाजेपर्यंत हे इथंच राहू द्या. पाणी संपू देऊ नका. आणि स्टँडवर थांबलात तरी इंजिन बंद करू नका."

"इंजिन आमी बंद करतच न्हाई ताई. बंद केलं तर सुरू करायला बारा मानसं ढकलाया लागतात." खरंच, उभी असतानाही ती जीप थंडी भरल्यासारखी थरथरत होती. माझ्या जिवाणूंना आणखी काय हवं?

मागे वळले तर चांगुणा मॅडम माझी चप्पल हातात घेऊन उभ्या.

"फुलांची आवड दिसते तुला," त्या म्हणाल्या.

"खूप, मॅडम. लहानपणापासून."

"गाडी तर यायची नाही. ही जीप सेनगावला जाते ना? हिच्यातच बसू."

भावसिंगने पाहुण्या म्हणून त्यांना पुढची सीट दिली, म्हणजे माझ्या फ्लास्कच्या बरोब्बर मागची. मी त्यांच्या आणि गिअरच्या मध्ये. सेनगाव येईपर्यंत मॅडम तीनदा टपाला टेकल्या आणि एकदा माझ्या मांडीवर आल्या. प्रत्येक खड्ड्याला त्या "अगं बाई" म्हणत होत्या आणि मी मनात "वा" म्हणत होते. एका थांब्यावर मी उतरून माझ्या बाटलीतलं पाणी गोणपाटावर ओतलं.

"फुलं तर नरसीलाच उतरली," मॅडम म्हणाल्या.

"पोतं ओलं असलं की इंजिनला गारवा राहतो, मॅडम."

भावसिंगने माझ्याकडे बघितलं, पण तो भला माणूस आहे.

जेवण झाल्यावर परतीला दोन रिकाम्या जीप समोर उभ्या होत्या आणि मी मॅडमना पाऊण तास उन्हात अठराची वाट बघायला लावलं. का, असं त्यांनी विचारल्यावर मला एवढंच सुचलं, "ती लकी आहे, मॅडम." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी नोंदणी तिथेच, सेनगावच्या स्टँडवर रद्द झाली असं मी समजले.

संध्याकाळी पाचला मामा आणि मी स्टँडवर जाऊन फ्लास्क उतरवून घेतले. लाईट आली होती. जिवाणू गाळून फोडले, पाणी वेगळं, चोथा वेगळा, दोन्ही नमुने जेलवर, म्हणजे प्रथिनं वेगळी करणाऱ्या पातळ लिबलिबीत थरावर, चढवले आणि रंगात ठेवून घरी गेले. गुरुवारी सकाळी सातला जेल काढून उजेडात धरलं. ज्या जागी प्रथिन असेल तिथे निळा पट्टा दिसतो. चोथ्याच्या रांगेत पुसट रेघ होती. पाण्याच्या रांगेत माझ्या करंगळीएवढा जाड, गडद निळा पट्टा होता.

मी फरशीवर बसले आणि भोकाड पसरलं. मामा झाडू टाकून आले.

"ताई, काहून रडून राहिल्या? माझं काही चुकलं का?"

"नाही मामा. तुमचं काहीच चुकलं नाही."

सरांना सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते आधी पाच मिनिटं हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "हे असं समितीला सांगू नको. अठरा अंश, मिनिटाला दोनशे फेरे, असं लिही आणि मोकळी हो."

"पण सर, ते खोटं आहे."

"खोटं कुठंय? अठरावरच होतं ना?"

खरं सांगायचं तर सरांशी वाद घालायची मला इच्छाच नव्हती. मला ती पदवी हवी होती. आईने शेजारणींना सांगावं असं मला काहीतरी हवं होतं. मी पेन घेऊन स्वच्छ अक्षरात अठरा अंश, दोनशे फेरे असं कागदावर लिहिलं.

अकरा वाजता समिती बसली. चांगुणा मॅडम कमरेला पट्टा बांधून आल्या होत्या. दुसरे सदस्य टाय लावून आले होते, तेही मे महिन्यात हिंगोलीत, यावरून त्यांचा स्वभाव कळावा. दोघांनी आळीपाळीने जेल उजेडात धरून पाहिलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"मागच्या अहवालात सगळा चोथा होता," त्या म्हणाल्या. "काय बदललं?"

मी माझ्या कागदाकडे बघितलं. आणि मला एकदम अशी कोणीतरी पोरगी दिसली, पुढच्या वर्षीची, अशाच एखाद्या गावच्या कॉलेजातली. ती माझा प्रबंध वाचणार, अठरा अंश, दोनशे फेरे लावणार, लाईट जाणार, आणि ती आपलंच नशीब फुटकं म्हणून सत्तेचाळीस घाणे काढत बसणार. मला तिची दया आली. खरं म्हणजे माझीच आली.

मी कागद दुमडला आणि प्रयोगवही पुढे सरकवली. बुधवारच्या पानावर मामांनी, सांगितल्याप्रमाणे, रकाने भरले होते. टायवाल्या सदस्यांनी मोठ्याने वाचलं. "तापमान, अठरा. फेऱ्या, तीन." ते थांबले. "मिनिटाला तीनच फेरे?"

"दिवसाला, सर."

"दिवसाला तीन फेरे? हा शेकर आहे की काय आहे?"

"हिंगोली ते सेनगाव, सर. जाऊन येऊन."

राठोड सरांनी डोळे मिटले. मी सगळं सांगितलं. डबा, पाटी, पिंजरा, झेंडू, गोणपाट, थरथरणारं इंजिन. तापमान मोजलं नाही, पण वीस-एकवीस असावं, हेही सांगितलं. चांगुणा मॅडमचा हात हळूहळू कमरेच्या पट्ट्याकडे गेला.

"म्हणजे काल," त्या म्हणाल्या, "मी शेकरमध्ये बसले होते?"

"हो, मॅडम."

"पुढच्या सीटवर."

"हो, मॅडम. सॉरी, मॅडम."

"हे मान्य करता येणार नाही," टायवाले म्हणाले. "विज्ञान म्हणजे पुन्हा करून दाखवता आलं पाहिजे. जीप म्हणजे उपकरण नव्हे."

"पुन्हा करून दाखवता आलं पाहिजे हे बरोबर," मॅडम म्हणाल्या. "मग दाखवू दे की. सपना, असाच निकाल आणखी दोनदा आला तर मी सोमवारी सही करेन. शुक्रवारी एकदा, शनिवारी एकदा. मी स्वतः थर्मामीटर घेऊन बसणार." मग त्यांनी सरांकडे मान वळवली. "आणि मला एक उशी लागेल."

शुक्रवारी मॅडम उशीवर बसल्या. दर पंधरा मिनिटांनी जीप थांबवून पिंजऱ्यातलं तापमान वहीत लिहीत गेल्या. एकवीस, वीस, बावीस, एकवीस. रस्ता इतका उत्तम खराब होता की दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं. पट्टा पुन्हा पाण्यात आला, पहिल्यापेक्षाही जाड. मी मामांना पेढा दिला आणि तो त्यांनी तिसऱ्या निकालानंतर खाईन म्हणून खिशात ठेवला.

शनिवारी सकाळी आम्ही हिंगोलीतून निघालो आणि नरसी सोडल्यावर भावसिंगने करकचून ब्रेक दाबला. समोर रस्ता होता. म्हणजे खरोखरचा रस्ता. काळा, गुळगुळीत, वाफाळणारा, पार सेनगावच्या दिशेने गेलेला. शुक्रवारी आम्ही शेवटच्या फेरीवरून परतल्यावर रात्रभर यंत्रं लागली होती आणि अर्धी बाजू तयार झाली होती. उरलेली अर्धी अजून जशीच्या तशी उकरलेली होती. कडेला उभा असलेला झेंडीवाला हसत हसत आम्हाला नव्या बाजूने बोलवत होता.

जीपमधली माणसं टाळ्या वाजवायला लागली. तीन वर्षं त्यांनी हाडं खिळखिळी करून घेतली होती, त्यांनी का नाही वाजवायच्या? हिंगोली जिल्ह्यात तो रस्ता बघून रडू आलेली मी एकटीच असेन. नव्या रस्त्यावरून फ्लास्क हलणार नाही, हवा मिळणार नाही, जिवाणू गुदमरतील. तिसरा निकाल हातचा जाणार आणि सोमवारी सहा वर्षं भरणार. पण जुन्या बाजूने घ्या हे अकरा माणसांना सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्याही काही सांगू शकत नव्हत्या.

"नवीनवरून घ्या दादा," मी म्हणाले. "लोकांना कशाला तकलीफ."

भावसिंगने गिअर टाकला नाही. तो सीटवर मागे वळला.

"मंडळी, एक इचारतो. पुढं पोत्यात या ताईचं औषध हाय. हळदीच्या कंदकुजीवरचं. ते हललं न्हाई तर मरतंय. सहा वर्सं करून राहिल्या त्या. बोला, नव्यानं घेऊ का खड्ड्यातनं?"

मागची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. झेंडीवाला झेंडी हलवत होता. मग अगदी शेवटच्या सीटवरून एका म्हातारीचा आवाज आला.

"आमची आर्धी हळद कुजली गेल्या साली. उपसून टाकताना हाताला वास लागला, तो चार दिस गेला न्हाई." तिने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला. "घे बाबा खड्ड्यातनं."

"घे, घे," आणखी दोघं म्हणाले. एकाने मांडीवरची अंड्यांची टोपली डोक्यावर घेतली. मागे लटकलेल्या दोघांनी एकमेकांच्या कंबरेला गच्च धरलं. भावसिंगने जीप डावीकडे उतरवली, झेंडीवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला, आणि आम्ही सगळे एकदम हवेत गेलो.

चांगल्या रस्त्याला खेटून आम्ही तासभर खड्ड्यांतून गेलो. समोरून गुळगुळीत बाजूने येणारी माणसं गाडी थांबवून आम्हाला ओरडून सांगत होती की अहो, रस्ता इकडे आहे. आमच्या जीपमधून अकरा माणसं त्यांना ओरडून सांगत होती की माहीत आहे. मी रडत होते आणि हसतही होते. मॅडमच्या वहीत तापमानाच्या जागी नुसत्या रेघोट्या उठत होत्या. पुढच्या दोन फेऱ्यांनाही भावसिंगने प्रत्येक सवारीला चढण्याआधीच विचारलं, आणि दोघं सोडून बाकी सगळे बसले.

शनिवारच्या घाण्याचा पट्टाही पाण्यातच आला आणि सोमवारी मॅडमनी सही केली, हे आता सांगून टाकते. पण सकाळी सेनगावला उतरले तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तरी मी वही काढून स्टँडवर प्रत्येकाला थांबवलं आणि नाव विचारलं, कारण प्रबंधात आभाराचं एक पान असतं आणि ते भरायला मला विद्यापीठातलं कोणी सुचत नव्हतं. सगळ्यात शेवटी ती म्हातारी कमरेवर हात ठेवून उतरली. अंड्यांपैकी तीन फुटली होती, त्यातल्या एकाचा बलक तिच्या खांद्यावर होता.

"मालनबाई," ती म्हणाली. मग माझ्या वहीकडे संशयाने बघून मागे सरली. "पर नावं काहून लिहून राहिली तू? पोलिसात द्यायली का आमाला?"